टेमघर नाक्यावर शून्य शून्य सात

कल्याणहून आलेल्या लाल एसटीतून तुम्ही टेमघरला उतरता तेव्हा १९६८ सालचा ऑक्टोबर चालू आहे. कंडक्टर दोरी ओढतो, घंटी वाजते, गाडी भिवंडीकडे निघून जाते. तिचा आवाज विरायच्या आत दुसरा आवाज कानांत भरतो, पत्र्याच्या शेडमधल्या मागांचा. धोटा या टोकाकडून त्या टोकाला, त्या टोकाकडून या टोकाला. रस्त्याच्या एका अंगाला कापणीला आलेलं भात, दुसऱ्या अंगाला हा खडखडाट. भिवंडी शहर अजून टेमघरपर्यंत पोचायचं आहे.

या प्रवासाचा नियम एकच. तुम्ही बघायचं, ऐकायचं, कुणी काही विचारलं तर मान हलवायची. पुढच्या सालातलं एक अक्षरही तोंडातून निघता कामा नये. आज हा नियम पाळणं जड जाणार आहे, कारण हॉटेलात भांडण पेटलंय आणि त्या भांडणाचा पुढचा अख्खा इतिहास तुम्हाला पाठ आहे.

हॉटेल म्हणजे कुडाची भिंत, चार बाकडी आणि फरफरणारा स्टो. पाळी सुटलीय. माणसांच्या भुवयांवर, मिशांवर कापसाचे तंतू चिकटलेत, त्यामुळे विशीतला पोरगाही पन्नाशीचा दिसतो. तुम्ही कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसता. समोर कपबशी येते.

"कृष्णा," पद्मशाली विणकर अण्णा बशीतला चहा फुंकत म्हणतात. "आमचा कृष्णा पहिला. तुमचा जितेंद्र नंतरचा."

"नंतरचा असला म्हणून काय झालं अण्णा? नाचतो कोण?" कांड्या भरणारा पोरगा विचारतो.

"हेराने नाचायचं कशाला?"

या प्रश्नावर हॉटेल क्षणभर गप्प होतं. प्रश्न रास्त आहे.

विषय आहे एजंट ११६. अण्णा सोयरिकीतल्या लग्नाला तेलंगणातल्या गावी गेले होते, तिथे त्यांनी 'गूढचारी ११६' पाहिला. १९६६ सालचा तेलुगू चित्रपट, नायक कृष्णा, नायिका जयललिता. पुढच्याच वर्षी रविकांत नगाइच यांनी त्याचा हिंदी 'फर्ज' केला. हेर तोच, क्रमांक तोच, फक्त माणूस बदलला आणि जितेंद्र आला. गिरगावच्या चाळीत वाढलेला, मराठी बोलणारा जितेंद्र. 'फर्ज'मधलं वाढदिवसाचं गाणं या देशातल्या प्रत्येक केकसमोर पुढची पन्नास वर्षं वाजणार आहे, पण ते तुम्ही सांगायचं नाही.

एक गंमत लक्षात घ्या. या घडीला जेम्स बॉण्डच्या मुख्य मालिकेत एकच नट आहे, शॉन कॉनरी. 'डॉ. नो'पासून 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'पर्यंत पाच चित्रपट, पाचही त्याचेच. त्या मालिकेत दुसरा बॉण्ड अजून आलेला नाही. म्हणजे 'तोच हेर, पण खरा नट कोणता?' हे भांडण लंडनच्या आधी टेमघरला सुरू झालंय. भिवंडीला हे शक्य होतं, कारण इथे शेजारी शेजारी चालणाऱ्या मागांवर वेगवेगळ्या भाषांचे लोक उभे असतात. एकाच गोष्टीच्या दोन प्रती एकाच बाकड्यावर येऊन बसतात.

कोपऱ्यातून उर्दू शाळेचे मास्तर घसा खाकरतात. त्यांच्या झब्ब्याच्या खिशात इब्ने सफींची कादंबरी आहे. "तुमचे दोघेही कच्चे," ते म्हणतात. "इम्रान वाचलाय का कुणी? दिसायला अगदी बावळट. चारचौघांत वेड्यासारखा बोलतो. आणि तोच खात्याचा छुपा प्रमुख, एक्स-टू. हे पडद्यावर कोण करून दाखवणार? आहे कुणी नट?"

"झुंजार पण कुणी केला नाय," गावातला आगरी पोरगा म्हणतो. वाचनालयातून आणलेलं बाबूराव अर्णाळकरांचं पुस्तक त्याने मांडीखाली दाबून ठेवलंय, कारण बापाने पाहिलं तर पाठ सोलून निघेल. अर्णाळकरांच्या रहस्यकथा हजारावर गेल्या. त्यातल्या निदान शंभर तरी या पोराने भाताच्या उडव्यामागे बसून संपवल्या असाव्यात, असा त्याचा चेहरा आहे.

मग मुंबईला नोकरी करणारा एक कारकून उठतो. त्याने 'गोल्डफिंगर' थिएटरात जाऊन पाहिलाय. इंग्रजी किती कळलं ते विचारू नका. तो वाद घालत नाही, चालून दाखवतो. हॉटेलच्या दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत, खांदे सैल, मान स्थिर, कुठे घाई नाही आणि कुठे ढिलाईही नाही. तीच चाल परत पिंपापासून दारापर्यंत. पोरं बघत राहतात.

कारकुनाला ठाऊक नाही, पण त्याने नेमकं मर्म पकडलंय. ब्रॉकोली आणि साल्ट्झमन या निर्मात्यांनी भेटीनंतर कॉनरीला खिडकीतून रस्ता ओलांडताना पाहिलं आणि त्या चालीवर त्याला घेतलं, अशी हकिगत ते पुढे सांगत. हा एडिंबरोत दुधाची गाडी हाकलेला माणूस. सुटाची सवय व्हावी म्हणून दिग्दर्शक टेरेन्स यंगने त्याला आपल्या शिंप्याकडे नेलं आणि सूट घालूनच झोपायला लावलं. लेखक इयान फ्लेमिंग आधी नाखूश होता. पुढे त्याचं मत इतकं पालटलं की त्याने कादंबरीत बॉण्डच्या बापाला स्कॉटिश करून टाकलं. नटाने लेखकाला पात्राचं कूळ बदलायला लावावं, असं फार वेळा घडत नाही.

"नट एक आणि सोंगं पाच, हे खरं कठीण," गल्ल्यावर बसलेले हॉटेलवाले तात्या मधेच म्हणतात. त्यांनी ठाण्याला 'तो मी नव्हेच' पाहिलंय. "पणशीकर बघा एकदा. फिरत्या रंगमंचावर पाच वेष. आणि तुम्ही कोण चांगला चालतो त्यावर भांडताय."

तात्यांचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, तुम्ही मात्र घ्या. 'डॉ. नो' लंडनला आणि अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' दिल्लीला, दोन्ही १९६२च्या ऑक्टोबरात, काही दिवसांच्या अंतराने प्रथम लोकांसमोर आले. मराठी माणसाला एका नटाने अनेक माणसं व्हावं याचं कौतुक. तिकडे अनेक नट मिळून एक माणूस होणार होते. त्यासाठी कॉनरीने कंटाळायला हवं होतं. तो आत्ताच कंटाळलाय. पुढच्या वर्षी जॉर्ज लेझनबी नावाचा ऑस्ट्रेलियन मॉडेल एक चित्रपट करील आणि स्वतःहून निघून जाईल. तुम्ही चहा संपवता, मान हलवता आणि बाहेर पडता.

पुढचं दार १९८४च्या फेब्रुवारीत उघडतं.

भातखाचरं मागे सरकलीत. शेड वाढल्यात, एकीला एक लागून. रात्रीचे दहा. एका कारखान्याच्या माळ्यावर सुताच्या गाठोड्यांना टेकून तीसेक माणसं बसलीत. मधोमध भाड्याचा रंगीत टीव्ही, त्याच्यावर भाड्याचा व्हीसीआर, दोन्ही सकाळी परत करायचे. रात्रभरात तीन पिक्चर बसवले तरच भाडं वसूल होतं. खिडक्यांना चादरी लावल्यात. तुम्ही जिन्याजवळ जागा धरा. तिथे वारा येतो, आणि खालच्या पाळीचा आवाज पायांतून वर चढतो.

आज दोन बॉण्ड आहेत. तेही एकाच वर्षाचे.

१९८३च्या जूनमध्ये रॉजर मूरचा 'ऑक्टोपसी' आला आणि ऑक्टोबरात कॉनरीचा 'नेव्हर से नेव्हर अगेन'. 'पुन्हा कधीच नाही' असं सांगून गेलेला कॉनरी बारा वर्षांनी परतला. चित्रपटाचं ते टोमणा मारणारं नाव त्याच्या बायकोने, मिशेलिनने सुचवलेलं. जगभर बॉण्डवेड्यांच्या दोन फळ्या पडल्यात. टेमघरच्या माळ्यावर त्या पडल्या नसत्या तरच नवल.

इंग्रजी कुणालाच धड येत नाही. म्हणून बीएनएन कॉलेजात शिकणारा एक पोरगा टीव्हीशेजारी बसवलाय आणि त्याच्याकडे भाषांतराचं काम दिलंय. जे कळतं ते तो सांगतो आणि जे कळत नाही ते रचतो. त्याच्या बॉण्डला चार बहिणी आहेत आणि त्यांची लग्नं व्हायचीत, हे फ्लेमिंगलाही ठाऊक नव्हतं.

आधी 'ऑक्टोपसी'. उदयपूर पडद्यावर येताच माळा जागा होतो. बॉण्ड हेलिकॉप्टरमधून ताजमहालावरून उडतो आणि उदयपूरला पोचतो.

"आग्र्याहून कुठं चाललाय हा?" मागून आवाज.

"पेट्रोल त्याच्या बापाचं नाय," दुसरा आवाज. हशा.

बाजारात गारुडी आहेत, निखाऱ्यांवरून चालणारे आहेत, तलवार गिळणारा आहे. त्यातून रिक्षांचा पाठलाग सुरू होतो. विजय अमृतराज टेनिसची रॅकेट घेऊन गुंडांना बडवतो आणि गर्दीच्या माना मॅच बघितल्यासारख्या इकडून तिकडे फिरतात. माळ्यावर दोन रिक्षावाले आहेत. ते पुढे सरकून बसलेत आणि रिक्षा कुठे खरी उडाली, कुठे तारेने ओढली यावर त्यांचं आपसांत बारीक आवाजात चाललंय. पाठलागाआधी, जुगारात जिंकल्यावर, बॉण्ड नोटांचं पुडकं हिंदुस्थानी सहकाऱ्याकडे फेकतो आणि कढीभाताची ददात मिटली अशा अर्थाचा विनोद करतो. कॉलेजचा पोरगा इथे अडखळतो. त्याला वाक्य कळलंय. तो सांगतो, "तो म्हणतो, शाब्बास."

त्या पोराला मनातल्या मनात सलाम करा. त्या रात्री माळ्यावर त्याच्याइतका मुरलेला हेर दुसरा नव्हता.

पण सर्वांत मोठी शिट्टी मूरला पडत नाही. ती कबीर बेदीला पडते. डोक्याला साफा बांधलेला त्याचा गोबिंदा जुगाराचे फासे मुठीत धरतो आणि चुरा करून टाकतो. माळा दणाणतो. इथून पुढे गोबिंदाचा प्रत्येक ठोसा आपला आणि बॉण्डचा प्रत्येक ठोसा परक्याचा. शेवटी तो विमानावरून खाली पडतो तेव्हा एक जॉबर हळहळून म्हणतो, "याला बॉण्ड करायला पाहिजे होता."

मग दुसरी कॅसेट लागते. दोन मिनिटांतच गलका होतो.

"ती ट्यून कुठंय?"

"पिस्तुलाची नळी नाय दाखवली!"

"कॅसेट नकली आहे. बंद कर, त्याला परत दे."

ओळखीची धून नाही आणि वर्तुळातून चालत येणारी आकृती नाही, म्हणजे माल बनावट, असा कापड विणणाऱ्यांचा सरळ हिशेब. कोर्टाच्या भाषेत बोलायचं तर त्यांचं निम्मं खरं आहे. हा चित्रपट मुख्य मालिकेतला नव्हेच. 'थंडरबॉल'च्या कथेचे हक्क केव्हिन मॅक्लोरीकडे होते, त्या जोरावर तो वेगळा काढला, आणि त्यामुळे ती धून वापरायची त्यांना मुभा नव्हती. कॉपीराइटचा जो खटाटोप वकिलांना वर्षानुवर्षं पुरला, तो टेमघरच्या माळ्यावर दोन मिनिटांत निकालात निघाला.

पहाटे तीनला खरं भांडण जुंपतं. अण्णा आहेत, आता केस पांढरे झालेत. मास्तरही आहेत. इब्ने सफी चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ते इम्रानबद्दल जरा हळवेपणाने बोलतात.

"कॉनरी म्हातारा झाला," अण्णा म्हणतात. "मूर अजून ताजा आहे."

तुमच्या जिभेवर शब्द येतो, तो गिळा. नंतर आलेला मूर कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठा आहे. १९२७चा मूर, १९३०चा कॉनरी. आणि कॉनरीचे केस पहिल्या चित्रपटापासून टोपाचेच आहेत.

"ताजा म्हणजे? तो लढतो का कधी?" मास्तर विचारतात. "भुवई उचलतो आणि कपडे झटकतो. सहलीला आल्यासारखा."

"मास्तर, आपण बारा तास उभे राहतो. दोन तास कुणी सहलीला नेत असेल तर वाईट काय?"

मूरची याहून चांगली बाजू मी कुठे वाचलेली नाही. मूरला बंदुकांचं वावडं होतं आणि स्वतःच्या अभिनयाची टिंगल तो स्वतःच करायचा. त्याचा बॉण्ड मरणार नाही, दमणार नाही, त्याच्या सुटाला घडी पडणार नाही हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. समीक्षकांनी त्याला याच कारणासाठी झोडपलं. बारा तासांच्या पाळीनंतर माळ्यावर बसलेल्या माणसाला मात्र नेमकं तेच हवं होतं. कमाईतही त्या वर्षी मूरच पुढे राहिला.

पाच वाजता सगळे उठतात. अण्णा मास्तरांना हात देऊन जिना उतरवतात. आगरी पोरगा, आता दोन पोरांचा बाप, व्हीसीआर पोत्यात गुंडाळतो. तुम्ही त्यांच्याकडे बघत उभे आहात आणि तुम्हाला महिना ठाऊक आहे. तीन महिन्यांनी, मे १९८४मध्ये, भिवंडी पेटणार आहे. १९७०च्या मेमध्ये पेटली होती तशी, आणि या वेळी ठाण्या-मुंबईपर्यंत. माणसं मारली जातील, माग जळतील, गल्ल्या ओळख विसरतील. कॉनरी की मूर यावर भांडणारे हे तिघे त्यानंतर एका माळ्यावर बसायला किती काळ जाईल हे विचारू नका. नियम मोडावासा वाटला तर तो इथे. मोडून उपयोग होणार नाही.

पुढच्या थांब्यावर मी तुम्हाला जरा जास्त वेळ ठेवणार आहे, कारण तिथे कुणी थांबत नाही.

१९९०चा हिवाळा. टेमघरच्या रस्त्यावरचा ढाबा. खाटांवर ट्रक आणि टँकरचे ड्रायव्हर आडवे झालेत, कट्ट्यावर टीव्ही आहे आणि व्हीसीआर आता मालकाचा स्वतःचा आहे. कुणीतरी 'लायसन्स टू किल' लावलाय. बघतंय कोण? कुणीच नाही. घराघरांत महाभारताने रविवार व्यापलेत, थिएटरात 'मैंने प्यार किया' आहे. बॉण्ड जुना झालाय. शिवाय हा कोण? मूर नाही, कॉनरी नाही. एक सडपातळ, रागीट डोळ्यांचा माणूस. टिमोथी डाल्टन, वेल्समध्ये जन्मलेला, शेक्सपिअरच्या नाटकांतून आलेला. चित्रीकरणाच्या वेळी फ्लेमिंगची पुस्तकं चाळून पात्र शोधणारा.

खाटेवर बसा आणि बघा. पहिल्याच अर्ध्या तासात बॉण्डचा मित्र फीलिक्स लायटर याचं लग्न लागतं. त्याच रात्री वधूचा खून होतो, लायटरला शार्कपुढे टाकतात. बॉण्ड सूड घ्यायला निघतो. साहेब म्हणतात, हे आपलं काम नाही, चल दुसऱ्या कामावर. तो नकार देतो. साहेब परवाना काढून घेतात. आता सरकार नाही, गाडी नाही, हुकूम नाही.

एक ड्रायव्हर कुशीवर वळतो. "नोकरी सोडली त्याने?"

"सोडली."

"दोस्तासाठी?"

"हां."

ड्रायव्हर उठून बसतो.

डाल्टनकडे बघताना तुम्हाला प्रथमच वाटतं की या माणसाला रात्री झोप लागत नसावी. तो विनोद करतो तेव्हा तोंड कडू झाल्यासारखा करतो. तो खलनायक सांचेझला ठोसे मारून संपवत नाही. सांचेझच्या माणसांत घुसतो, एकेकाबद्दल कानात संशय ओततो आणि सांचेझच आपली माणसं मारत सुटतो. हेरगिरी म्हणजे अशीच असणार, बोलून केलेली. मास्तरांचा इम्रान असाच. त्या आधीच्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्येही समोरची नेमबाज बाई सराईत मारेकरी नाही हे डोळ्यांना दिसल्यावर तो हुकूम असून गोळी मुद्दाम चुकवतो, आणि याबद्दल कामावरून काढलं तर बरंच होईल असं सुनावतो. आधीच्या तिघांपैकी कुणाच्या तोंडी हे शोभलं असतं?

मग शेवट येतो. डोंगरातला घाट आणि टँकर. एकामागून एक मोठे टँकर, पेट्रोलात विरघळवलेली कोकेन भरलेले. आता खाटांवर एकही माणूस आडवा नाही. डाल्टन टँकर एका बाजूच्या चाकांवर उचलतो, रॉकेट खालून निघून जातं.

"होत नाही असं," एक म्हातारा ड्रायव्हर म्हणतो. "टाकी भरलेली असेल तर पाणी हलतं, गाडी उलटते."

"रिकामी असेल."

"रिकामी असली तरी." तो थोडा विचार करतो. "पण गिअर बघ कसा टाकतोय. याने खरी गाडी चालवलेली आहे."

बॉण्डच्या एवढ्या वर्षांच्या इतिहासात एखाद्या नटाला एवढं कसलेलं प्रशस्तिपत्र मिळालं नसेल. पण ढाब्यावरच्या मतांची गिनती कुठे होत नाही. चित्रपट आला त्या १९८९च्या उन्हाळ्यात जगभर 'बॅटमॅन' आणि 'इंडियाना जोन्स'ने गल्ला ओढून नेला होता, ब्रिटनमध्ये मारधाडीमुळे पंधरा वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेश नव्हता. मग मालकीची कोर्टबाजी सुरू झाली, सहा वर्षं एकही बॉण्ड निघाला नाही, आणि १९९४ साली डाल्टनने भूमिका सोडली. दोन चित्रपट, बस.

१९९०च्या दशकाचा उत्तरार्ध भराभर ओलांडू. केबल आलीय. दुपारच्या वेळी चाळीच्या खोलीत पिअर्स ब्रॉस्नन 'गोल्डनआय'मध्ये रणगाडा हाकतोय. या भांडणात बायकांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. माळ्यावर त्यांना जागा नव्हती, ढाब्यावर तर नाहीच. आता टीव्ही घरात आलाय. कांडीवाल्या पोराची बायको, गल्लीची वहिनी, तांदूळ निवडता निवडता एका वाक्यात ब्रॉस्ननचा निकाल लावते. "बाकीचे बायकांकडे बघायचे. हा आरशात बघतो." तिला आवडलीय ती साहेबाच्या खुर्चीत बसलेली जुडी डेंच. "ती बाई त्याला तोंडावर सांगते, तू जुनाट झालास. ती नसेल तर तो दरवाजासुद्धा उघडणार नाही."

ब्रॉस्ननला तुम्ही टेमघरला आणखी एकदा भेटणार आहात, ते इथेच उरकून घेऊ. ऑक्टोबर २०१६, पानाची टपरी. वर्तमानपत्राच्या पानभर जाहिरातीत पांढऱ्या दाढीतला ब्रॉस्नन पानमसाल्याचा डबा घेऊन उभा आहे. काही दिवसांतच त्याने आपली फसवणूक झाल्याचं जाहीर केलं. करार मुखशुद्धीच्या, दात शुभ्र करणाऱ्या निरुपद्रवी वस्तूचा होता, म्हणाला. टपरीवाल्याने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हेर होता ना हा?"

२००६. माग बंद पडू लागलेत, त्यांच्या जागी गोदामं उभी राहतायत. भिवंडीची नवी ओळख आता हीच. डॅनियल क्रेग आलाय, सोनेरी केसांचा, ठेंगणासा. त्याच्या निवडीविरुद्ध परदेशात बॉण्डवेड्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. टेमघरला हिंदीत डब केलेला 'कॅसिनो रोयाल' बघून आलेली गोदामातली पोरं नाक्यावर उभी आहेत.

"हमाल वाटतो रे."

"म्हणूनच आवडला. मार खातो तर लागतं त्याला. रक्त पुसतो, शर्ट बदलतो, परत खाली येतो."

क्रेगबद्दल एवढं पुरे, तो सगळ्यांनाच आवडतो. पण त्याच्या दुसऱ्या चित्रपटापाशी दोन मिनिटं थांबा. 'क्वांटम ऑफ सोलेस', नोव्हेंबर २००८. जगाने त्याला मालिकेतला फसलेला चित्रपट ठरवलं. लेखकांच्या संपामुळे पटकथा अर्धवट होती, क्रेगला स्वतः प्रसंग लिहावे लागले, हे तोही कबूल करतो. त्यात खलनायकाला तेल नको, सोनं नको. तो बोलिव्हियाचं पाणी जमिनीखाली अडवतो आणि देशाला ते विकणार असतो. हे अगदीच मिळमिळीत कारस्थान, असं लंडन-न्यूयॉर्कचं म्हणणं.

टेमघरला या. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथल्या केंद्रात शुद्ध होतं आणि इथून ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदरकडे जातं. आणि भिवंडीच्या गल्ल्यांत तुम्ही हंड्यांची रांग बघितलीय, टँकरमागे धावणारी पोरं बघितलीयत. आता वहिनीला ही गोष्ट सांगा. ती विचारते, "यात खोटं काय?" अणुबॉम्ब, उपग्रह आणि सोन्याचे साठे यांच्यामागे लागलेल्या खलनायकांच्या या भल्यामोठ्या वंशावळीत टेमघरला पटेल असा हा एकच निघाला.

आणि आता आज. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची रेघ इथून जाणार, टेमघरला स्थानक असेल असं नकाशा सांगतो. कृष्णा २०२२ साली गेले. कॉनरी २०२० साली, मूर त्याच्या तीन वर्षं आधी. क्रेगचा बॉण्ड २०२१ साली 'नो टाइम टू डाय'मध्ये पडद्यावर चक्क मरतो, आणि नावं सरकून गेल्यावर पाटी येते की बॉण्ड परत येणार. २०२५ साली या व्यवहाराची दोरी ब्रॉकोली घराण्याकडून ॲमेझॉनकडे गेली, म्हणजे भिवंडीच्या गोदामांतून ज्यांचे खोके निघतात त्यांच्याकडे. हा योगायोग नाक्यावरच्या पोरांच्या ध्यानात आलाय. सातवा बॉण्ड आपल्यातलाच कुणीतरी पॅक करून पाठवील, असं ते म्हणतात.

नियम इथे संपतो. आता तुम्ही बोलू शकता, आणि पोरं विचारतातच, "काका, तुमचा कोण?" कॉनरी म्हणालात तर माना डोलतील, क्रेग म्हणालात तर टाळी मिळेल, मूर म्हणालात तर हसतील आणि मनातून तेही तेच म्हणतील.

माझं मत टिमोथी डाल्टनला आहे. बाकीच्यांनी बॉण्ड कसा दिसतो ते दाखवलं. डाल्टनने हे काम रोज करणाऱ्या माणसाचं काय होतं ते दाखवलं, तेही क्रेगच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, बघायला कुणी नसताना. पटत नसेल तर 'लायसन्स टू किल' शेवटपर्यंत बघा. टँकरचा भाग एखाद्या टँकरवाल्याला शेजारी बसवून बघा, आणि मग खुशाल भांडायला या.